पेरलेलं देवभात

सुरतेत माझ्या ओळखीची माणसं लूम चालवून, रंगाच्या टाक्या ढवळून, साड्यांच्या घड्या घालून म्हातारी झाली. मी गवत पेरून झालो. इथल्या खानदेशी मंडळाच्या पोरांनी दिवाळी अंकासाठी नोकरीचा अनुभव लिहा म्हटलं, तेव्हा घरातलेच हसले. नातू म्हणाला, "आबा, गवतावर लिहिलेलं कोण वाचणार?" न वाचो. मी तिसरीपर्यंत शिकलो, तेही मधेमधे गुरं राखून. पण हे अक्षर माझं आहे आणि लिहितोय ते माझ्या हातानं केलेलं आहे. अंकवाल्यांनी ऱ्हस्व-दीर्घ खुशाल सुधारावं. म्हणणं सुधारू नये.

मी कालव्याच्या खात्यात बेलदार होतो. बेलदार म्हणजे पाळ राखणारा. कालव्याला, तळ्याला मातीचा जो बांध असतो ती पाळ. घुशी तिला बिळं पाडतात ती बुजवायची, तिच्यावर बाभूळ उगवली की लहान असतानाच उपटायची, चोमाशात, म्हणजे पावसाळ्यात, कुठं पाणी झिरपतं ते वाकून वाकून बघायचं. काम काही शोभेचं नाही. पाळ टिकली तर कुणी विचारत नाही, फुटली तर सगळं गाव विचारतं. खानदेशातून आलो तो सगळ्यांसारखा लूमवरच लागणार होतो. पण त्या खटखटीत माझं डोकं फिरायचं. महिनाभरात सोडून दिलं आणि हातात फावडं घेतलं.

माझ्या वाट्याला डिंडोली आणि पांडेसरा यांच्या मधलं एक तळं आलं. आज शोधायला जाऊ नका. तेव्हा तिथं मोकळं रान होतं, तळ्याच्या खालच्या अंगाला भाताची शेतं होती आणि वरच्या अंगाला काहीच नव्हतं.

तापीचा तो मोठा पूर आला त्या साली खाडी फुगून तळ्यात शिरली. पाणी ओसरलं तेव्हा तळाशी गाळ बसलेला आणि काठचं सगळं गवत त्या गाळाखाली गाडलेलं. पुढच्या चोमाशात वारा सुटला की लाट थेट पाळीवर येऊन आदळायला लागली. दर लाटेला माती सुटायची. मी दिवसभर फावड्यानं माती चढवायचो, पाणी रात्रीतून ती परत न्यायचं.

आमचे ओव्हरसियर देसाईसाहेब. ओलपाडकडचे, घरची भातशेती असलेले. पँट वर करून चिखलात उतरणारा तो मी पाहिलेला एकच साहेब. पाळीवर उभे राहून त्यांनी विचारलं, "धुडकू, पुराच्या आधी इथं काय होतं?"

म्हटलं, "गवत."

"मग तेच आण परत. दगडाला मंजुरी येईपर्यंत पाळ राहणार नाही."

ते गवत म्हणजे देवभात. हा रानातला भात. कुणी न लावता पाण्यात उगवतो म्हणून देवाचा. दिसायला शेतातल्या भातासारखाच, म्हणून नवखा माणूस फसतो. पण बुडाशी लालसर असतो, दाण्याला बोटाएवढं लांब कुसळ असतं आणि आतला तांदूळ लाल. पाणी चढलं की दांडा लांबवतो, आडवा होऊन पाण्यावर तरंगतो आणि शेंडा तेवढा वर काढून बसतो. शेतातला भात पिकला की कापणाऱ्याची वाट बघतो. हा कुणाची वाट बघत नाही. दाणा पिकला की गळला. सकाळी भरलेलं कणीस दुपारी रिकामं. बी गोळा करायचं तर कणसं हिरवी असतानाच त्यांच्या जुड्या बांधाव्या लागतात, म्हणजे पिकलेला दाणा कुसळांत अडकून राहतो. मग पाण्यात उतरायचं, टोपली खाली धरायची आणि जुडी तिच्यात झटकायची.

साहेबांच्या गावाकडच्या एका तळ्यातून पहिलं बी आणलं. आमच्या घरी जसं बी ठेवतात तसं मडक्यात राखेत घालून थंड कोपऱ्यात ठेवलं. पावसाच्या तोंडाला नेऊन टाकलं. एक कोंब आला नाही. दुसऱ्या वर्षी परत आणलं, ह्या खेपेला गोणीत. आमची गोडादऱ्याची खोली म्हणजे चार भिंती आणि वर पत्रा. त्या गोणीतली कुसळं पोरांच्या अंथरुणात शिरली आणि माझी बायको गंगू भडकली. "लोकं गवत उपटतस, नि तुम्ही घरमा आणीसन ठेवतस!" असं म्हणत तिनं गोणी उचलली आणि पत्र्यावर फेकली. तिथं ती उन्हाळाभर भाजली. मला कळलं तेव्हा मी खूप बोललो. बी मेलं असं धरून चाललो होतो. तरी हट्टानं ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवलं, आणि उघडून बघतो तर पांढरे मोड.

तेव्हा कळलं की ह्या बियाला झोप असते. उन्हाचा चटका बसल्याशिवाय ते उठत नाही. गंगूला म्हटलं, "तुझ्यामुळे उगवलं."

ती म्हणाली, "मी फेकलं होतं. पेरलं नव्हतं."

ते बोलणं तेव्हा हसण्यावारी गेलं.

बी नुसतं टाकलं तर तरंगून जातं. म्हणून चिखलाचे लाडू वळायचे, प्रत्येकात मोडाचे चार दाणे, आणि ते काठाच्या उथळ पाण्यात दाबत जायचं. पाणी बोटभर हवं. घोट्याच्या वर गेलं तर कोंब गुदमरतो, अजिबात आटलं तर वाळतो. तळ्याची मोरी, म्हणजे पाणी सोडायचं दार, माझ्या हातात होती. रोप जसं उंच होईल तसं पाणी चढू द्यायचं, मूल चालायला शिकवावं तसं. दोन-तीन चोमासे गेले आणि काठाशी हिरवा पट्टा उभा राहिला. मग लाट पाळीपर्यंत पोचायच्या आधी त्या गवतात शिरून विरून जायला लागली. फावडं मारायचं काम निम्म्यावर आलं. गढूळ पाणी गवतातून जाताना गाळ टाकून जायचं आणि आतलं पाणी निवळ व्हायचं, इतकं की मरळीची पिल्लं आईच्या मागं झुंडीनं फिरताना दिसायची. मुनिया दाणे खायला यायच्या, पाणकोंबडी त्याच्यात घरटं करायची, हिवाळ्यात बदकं उतरायची. मी एकाही पाखराला बोलावलं नव्हतं. गवत आलं आणि त्याच्या मागून ती सगळी आली.

आणि बायका आल्या.

आपल्या बायका भादव्यात ऋषिपंचमी करतात हे सांगायला नको. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं खायचं नसतं. नांगरलेल्या शेतातलं काही चालत नाही. गुजराती बायका त्याच दिवशी सामापाचम करतात आणि दुकानातून सामा, म्हणजे वरईसारखा बारीक दाणा, आणतात. पण आपल्याकडच्या जुन्या बायकांना देवभातच हवं असायचं आणि सुरतेत ते मिळत नव्हतं. ते तळ्यात आलंय ही बातमी गोडादऱ्याच्या आमच्या खोल्यांच्या लायनीत कशी पोचली माहीत नाही. दसरा झाला की त्या टोपल्या घेऊन यायच्या, मांडीभर पाण्यात उतरायच्या, जुड्या झटकून वर्षाचं व्रताचं भात घरी न्यायच्या आणि पुढच्या भादव्यापर्यंत जपून ठेवायच्या. उतरायच्या आधी पहिल्या कणसाला हळदकुंकू लावायच्या. गंगूही त्यांच्यात असायची.

त्यांची पुढारी सोनामाय. तिची पोरं लूमवर, सुना घरात, आणि ती सगळ्या लायनीची आजी. अंगानं चिमुकली. बाळंतपण असो, भांडण असो, व्रत असो, तिचा शब्द शेवटचा. कोयता आणलेला तिला चालायचा नाही. बैलगाडीतून टोपली नेलेली चालायची नाही. डोक्यावरूनच न्यायची.

खालच्या शेतांचे मालक नगीनभाई. माणूस वाईट नव्हता, पण ह्या गवताच्या उरावर बसलेला. त्यांचंही बरोबर होतं. देवभाताचं बी पाण्याबरोबर शेतात उतरलं तर भातात मिसळतं, कोवळं असताना ओळखू येत नाही आणि कापणीआधी गळून जातं. ते मला म्हणायचे, "काका, आ तो मारा खेतरनो दुश्मन छे." मी मोरीच्या तोंडाला जाळी बसवली, तरी त्यांचं समाधान होईना. त्यांनी कचेरीत अर्ज केला आणि एके दिवशी गवत काढायला माणसं आली.

मी नोकर. साहेबाच्या साहेबाचा हुकूम. मी काय बोलणार? पण कुणीतरी लायनीत जाऊन सांगितलं. तासाभरात पाळ लुगड्यांनी भरली. सोनामाय मधोमध बसली आणि म्हणाली, "आमची पाचम बुडेल. आधी आम्हाला काढा, मग गवत काढा." माणसं फावडी टेकून थांबली. नगीनभाईंची स्वतःची बायको पाचम करणारी. ते आले, पाळीवर सगळ्या बायका पाहिल्या आणि लांबूनच हात जोडले. "बहेनोनुं व्रत छे. हूं शुं बोलूं?" अर्ज मागे घेतला. देसाईसाहेब मला बाजूला घेऊन म्हणाले, "धुडकू, तुझ्या गवताला पहारेकरी चांगले मिळाले."

त्यानंतर साहेबांची बदली झाली.

मी दर वर्षी पेरत होतो. एकदा धरलं की ते स्वतःच स्वतःला पेरतं, पण लाटेनं कुठं खिंड पडायची, कुठं म्हशी बसायच्या, तिथं लाडू दाबावे लागायचे. हे मी जूनमध्ये करायचो. बायका यायच्या ऑक्टोबरात. त्यांनी मला पेरताना कधी पाहिलंच नाही. मी म्हणजे काठी घेऊन म्हशी हाकलणारा माणूस, एवढंच त्यांना ठाऊक. गंगूला सगळं माहीत होतं. ती कधी बोलली नाही आणि मलाही एकदा म्हणाली होती, "बाईमाणसांच्या व्रतात तुम्ही तोंड घालू नका."

नाही घातलं. बरीच वर्षं नाही घातलं. पण ऐका, माणूस आहे मी. माझ्या पायाच्या बोटांत चिखल्या पडायच्या, कुसळांनी हात सोलून निघायचे, जळवा चिकटायच्या आणि ह्या बाया येऊन म्हणायच्या, देवानं दिलं. दर वर्षी हळदकुंकू देवाला.

त्या वर्षी पीक कधी नव्हतं तसं आलं होतं. जुड्या झटकताना दाणा टोपलीत नुसता खळखळत होता. मी पाळीवर उभा होतो. सोनामाय खुशीत होती आणि खुशीत असली की ती चेष्टा करायची. पाण्यातूनच ओरडली, "काय रे धुडकू! देवनी पेरं, देवनी राखं. तू नुसता काठी लिसन फिरस!"

बायका हसल्या. गंगूही हसली. मला ते हसू लागलं.

मी म्हटलं, "देव कधी उतरला होता चिखलात? हे मी पेरलंय."

"काय बोलना तू?"

"मी पेरलंय. ह्या हातानं. दर वर्षी पेरतो. विचार गंगूला."

पाणी हलायचं थांबलं. सगळ्या गंगूकडे बघायला लागल्या. तिनं मान खाली घातली. सोनामायला तेवढं पुरलं.

"यंदा बी पेरं?"

"यंदाही पेरलं."

 ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं कमरेवरची टोपली पुढे घेतली आणि सावकाश पाण्यात उपडी केली. लाल दाणे थोडा वेळ पाण्यावर राहिले, मग कुसळं वर करून बुडाले. तिच्या मागं दुसरीनं ओतली, मग तिसरीनं. मी म्हणत होतो, अगं, पण बैल कुठं लावला मी? हातानं पेरलं, नांगर नाही, औत नाही, तुमचा नेम कुठं मोडला? सोनामाय पाण्याबाहेर येऊन लुगडं पिळत म्हणाली, "माणसानं पेरलं म्हणजे शेती झाली बाबा. इतकी वर्षं आम्ही देवाचं म्हणून खाल्लं."

शेवटी गंगूनं टोपली उपडी केली. माझ्याकडे न बघता.

त्या नंतरच्या पाचमीला सगळ्या लायनीत दुकानातला सामा शिजला. तो सामा कुठून येतो हे मी कालव्याच्या कडेनं फिरताना पाहिलेलं. जमीन नांगरून, बैल लावून पेरतात. गंगूला मी सांगितलं. ती म्हणाली, "तुमचं खरं तुमच्यापाशी ठेवा. मी पाहिलेलं नाही."

लोक म्हणतील, एवढं बोलून काय मिळवलंस? मी त्याचं उत्तर देणार नाही. जे मी केलं ते मी केलं असंच म्हणणार. आजही विचारलं तरी हेच म्हणेन.

पुढची गोष्ट लवकर संपते. पांडेसऱ्याकडे कापड रंगवायचे कारखाने वाढत होते आणि त्यांच्या घाण पाण्याला वाट हवी होती. तळ्यापर्यंत नाला काढायचं ठरलं. त्या आधी एक मोठे साहेब जीपमधून बघायला येणार होते. तळं कुणाच्या उपयोगाचं आहे का, कुणाची हरकत आहे का, हे तिथंच विचारणार होते. नगीनभाईंनी तोवर खालची जमीन प्लॉटसाठी विकलेली. त्यांना आता पाणीही नको होतं आणि दुश्मनही उरला नव्हता.

मी कुणाच्या दारात जाणारा माणूस नाही. सोनामायच्या गेलो. ती ओट्यावर नातीच्या वेण्या घालत होती. म्हटलं, "माय, उद्या साहेब येतोय. तुम्ही आधी बसल्या होत्या तशा बसा. नाहीतर तळं जाईल."

तिनं वेणी पुरी केली, नातीला आत पाठवलं. म्हणाली, "तवय ते देवनं व्हतं, म्हणून बसनूत."

"आणि आता?"

"आते ते तुन्हं शे. तूच जाय नि बस."

रागानं नाही म्हणाली. तिला खरंच तसं वाटत होतं. जे ज्याचं त्यानं राखावं. मी हात जोडायला हवे होते की काय कोण जाणे. मला ते जमत नाही. मी उठून आलो.

साहेब आले. पाळीवर मी एकटा. गंगूला मी ये म्हटलं नव्हतं आणि ती आली नव्हती. मी सांगितलं, गवत गेलं तर पाळ जाईल, मासे जातील, पाणी नासेल. साहेबांनी नीट ऐकून घेतलं, हे खोटं बोलणार नाही. मग विचारलं, "तू कोण?"

"बेलदार, साहेब."

"तू तर खात्याचा माणूस. तुला हरकत घेता येत नाही. गावातलं कुणी आहे?"

मी पाळीच्या दोन्ही टोकांकडे पाहिलं. साहेबांनीही पाहिलं.

नाला आला. कधी जांभळं पाणी, कधी हिरवं, ज्या दिवशी जो रंग चालू असेल तो. मासे आधी गेले. गवत लगेच मेलं नाही, ते चिवट. त्या वर्षीही कणसं आली. मी जवळ जाऊन जुडी हातात घेतली तर हलकी. सगळे दाणे पोचट, आत काही नाही. मुनिया आल्या, बसल्या आणि उडून गेल्या. पुढच्या वर्षी मोड आलेले लाडू मी दाबले ते काळे पडले. गवत गेल्यावर लाट परत पाळीला लागली, पण आता माती चढव म्हणून कुणी सांगेना. पाळ बसत गेली. मग ट्रकांनी भरणी टाकून तळं बुजवलं. मला दुसऱ्या कालव्यावर टाकलं. तिथं सिमेंटचा काठ होता. उपटायलाही काही नव्हतं.

एक मूठ बी माझ्यापाशी राहिलं होतं. डिंडोलीच्या पलीकडे रस्त्यासाठी माती काढलेला एक खड्डा होता, त्यात पावसाचं स्वच्छ पाणी साठायचं. शेवटचं म्हणून तिथं दाबलं. कुणाला सांगितलं नाही, गंगूलाही नाही. धरलं ते. थोडंच, पण बुडाशी लालसर, तेच. मी येता-जाता तिथं थांबायचो. आणि एवढं ठरवलं होतं, की आपल्यातली कुणी बाई आली आणि हे कुणी पेरलं असं तिनं विचारलं, तर मला काय ठाऊक म्हणायचं. आपोआप आलंय म्हणायचं. आयुष्यात एकदा ते बोलायला मी तयार झालो होतो.

दसरा होऊन गेला होता. कणसं निसवलेली. एक तरणी बाई शेळी घेऊन आली, बोलण्यावरून धुळ्याकडची. खड्ड्याशी थांबली. गवताकडे बघितलं. मी जवळ गेलो.

"बाबा, हाई काय शे? भातनं तण शे का?"

मी म्हटलं, "देवभात."

"ते काय ऱ्हास?"

 सांगायचं म्हटलं तर कुठून सुरुवात करणार? पाचमीपासून की पुरापासून? तिनं थोडी वाट पाहिली. शेळी दावं ओढत होती.

"बकरी खाई का ते?"

कुणी पेरलं, हे तिनं विचारलंच नाही.

"खाऊ दे," म्हटलं.

तिनं दावं सोडलं.